सहा नंबरचा तक्ता

१

आमच्या तुरुंगात त्याला 'पेरणी' म्हणायचे. सकाळी सातला ड्युटी लागली की आधी चहा, मग पेरणी. एकांत कोठडीत कुणी बाई ठेवलेली असली की दर अर्ध्या तासाने तिच्या दारापाशी जायचं, दाराची झडप सरकवून आत बघायचं, आणि काय दिसलं ते फेरीच्या तक्त्यावर लिहून सही करायची, असा नियम. सात ते तीन, सोळा फेऱ्या, सोळा ओळी. आता ज्यांनी हा नियम लिहिला त्यांनी दोघींच्या जिवावर नव्वद बायकांची बराक कधी सांभाळली नसणार, हे उघड आहे. आम्ही सांभाळत होतो. त्यामुळे चहाचा कप हातात असतानाच सोळाच्या सोळा ओळी लिहून मोकळं व्हायचं आणि मग दिवसभर बाकीची कामं उपसायची. आधीच टाकून ठेवायचं, म्हणून पेरणी.

माझं अक्षर चांगलं. लहानपणी त्यावरून बक्षीस मिळालं होतं, नोकरीत मात्र त्याची शिक्षाच झाली म्हणायची, कारण सगळ्यांच्या पेरण्या माझ्याच गळ्यात पडायच्या. इतर बायका सोळा वेळा नुसतं 'ठीक' लिहून टाकायच्या आणि तपासणीला आलेले साहेब नाक मुरडायचे. मी तसं करत नसे. मी जीव ओतून लिहायची. बसून आहे. कूस बदलली. पाणी प्यायली. एकदा तर मी 'गुणगुणते आहे' असं लिहिलं होतं. वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते वाचलं आणि मोठ्या मॅडमपाशी, म्हणजे आमच्या अधीक्षकांपाशी, माझं कौतुक केलं, की यांचं निरीक्षण बघा. जमादारबाई, म्हणजे माझ्या वरच्या बाई, आणि मी कोठारात जाऊन पोट धरधरून हसलो होतो.

हे आधी सांगते, कारण पेपरात आलं तेव्हा लोकांनी आम्हाला राक्षसिणी केलं. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. कुणावर हात उचलला नाही, कुणाला आईवरून शिवी दिली नाही. तक्ते तेवढे आधी भरले, आणि ते तर सगळेच भरत होते.

२

ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची, म्हणून तिला सगळ्या इस्त्रीवालीच म्हणायच्या. मालकाशी भांडण झालं आणि रागाच्या भरात तिने त्याच्या गाडीची काच फोडली. एवढ्यासाठी ती आत आली होती. चार दिवसांत सुटलीही असती. पण तिला साखरेचा आजार होता, रोज इंजेक्शन लागायचं, आणि त्याचे कागद तिच्याबरोबर आलेच नव्हते. दोन दिवस ती बराकीत इंजेक्शन इंजेक्शन करत राहिली. बाकीच्या बायका वैतागल्या. शेवटी जमादारबाईंनी तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा नंबरला नेऊन बंद केलं. "शांत झाली की आणू बाहेर," त्या म्हणाल्या. सहा नंबर म्हणजे आमची एकांत कोठडी, गल्लीच्या टोकाला.

पुढल्या सकाळी सातला मी खरोखर गेले होते. ती एक फेरी खरी, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन. झडप सरकवली तर ती चटईवर पडलेली. ओठ पांढरे पडले होते. मान वर न करता म्हणाली, "बाई, मला बरं नाहीये. माझं औषध."

मी म्हटलं, "दहाला डॉक्टर येतात. सांगते."

मग चहा घेतला आणि तक्ता भरला. साडेसातला नव्या बायकांची गाडी आली, अकरा जणी. त्यांच्या झडत्या, त्यांच्या आंघोळी, त्यांचे कपडे, त्यांची रडारड. एकीच्या अंगावर दूध पिणारं मूल होतं, ते थांबेचना. दहाला डॉक्टर आले, खोकल्याच्या तिघी तपासल्या आणि साडेदहाला गेले. मी सांगायला विसरले. त्यावर काय बोलणार? विसरले.

साडेअकराला जेवणवालीने दाराखालच्या फटीतून ताट सरकवलं आणि तासाभराने भरलेलंच परत नेलं. रुसली असेल, असं तिला वाटलं. तीनला दुसऱ्या पाळीची शिपाईबाई आली. माझ्या हातून तक्ता घेतला, सहा नंबरचं दार उघडलं, आणि इस्त्रीवाली तिच्या पायावर कलंडली. दाराला टेकून बसली होती ती. गार झाली होती.

तक्त्यावर अडीचच्या ओळीत माझ्या अक्षरात होतं: बसून आहे. ठीक.

३

आठवड्याने चौकशी अधिकाऱ्यांनी बोलावलं. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, सगळीकडे फायली, एका खुर्चीचा पाय मोडका म्हणून तिच्याखाली जुना नियमांचा ग्रंथ लावलेला. एरवी मला हसू आलं असतं.

त्यांनी तक्त्याची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. "अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"सह्या?"

"माझ्याच."

ते पुढे काहीतरी विचारत होते, आणि माझी नजर साडेनऊच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं: दाराशी येऊन बसली.

मी तसं लिहिलं नव्हतं. मला चांगलं आठवतं, कारण त्याच्या वरच्या ओळीत मी 'बसून' वापरलं होतं, आणि एकाखाली एक तेच शब्द आले की पेरणी कळून येते. म्हणून साडेनऊला मी तिला भिंतीकडे तोंड करून झोपवलं होतं. पण अक्षर माझंच होतं. 'र'ला मी बारीक शेपूट काढते, तेही होतं.

मी मनाशी म्हटलं, बाई गं, ती दाराशी सापडली हे तुला आता माहीत आहे, म्हणून तुला तसं दिसतंय. डोक्याला ताण पडला की असं होतं. शिवाय मी काही बोलणार तरी कशी? हे मी लिहिलेलं नाही असं म्हणायचं, तर जे लिहिलं ते कधी आणि कुठे बसून लिहिलं हे आधी सांगावं लागलं असतं. निघताना त्यांनी ती झेरॉक्स मला दिली. कोर्टात विचारतील, वाचून ठेवा म्हणाले.

४

मला कामावरून बाजूला केलं होतं. आमचे हे शाळेची बस चालवतात. सकाळी साडेसहाला जातात, बाराला येतात. इतक्या वर्षांत सकाळची घरात अशी मी कधी नव्हतेच. कुठे काय ठेवलंय तेही मला माहीत नव्हतं. चहाची गाळणी शोधायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी साडेआठला स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऐकलं. मोठा आवाज नव्हता. घसा कोरडा पडला असताना आवंढा गिळला की होतो तसा, चिकट. जीभ टाळूपासून सुटत नाही आणि मग सुटते, तसा. मी नळ बघितला, फ्रीज बंद करून बघितला, खिडकी लावली. नऊला परत आला. साडेनऊला आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि तो दारातून आला, माझ्या कमरेच्या खालून. कुणी जमिनीवर बसलं तर तोंड जिथे येईल, तिथून.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. पेलाभर पाणी घेतलं आणि दाराशी फरशीवर ठेवलं. आणि पाटावर बसून वाट बघितली.

दहाला आला. साडेदहाला आला, फार हळू. अकराला आला नाही. त्यानंतर दिवसभर घर अगदी घरासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, साडेआठ ते साडेदहा. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं, त्यावर थोडी धूळ बसली. तिला ते घेता येत नसावं, किंवा तिथे कुणी नसावंच. कशाने जास्त वाईट वाटलं, ते मला ठरवता आलं नाही.

रोज एखादी ओळ बदललेली असायची. मी झेरॉक्स डाळीच्या डब्याखाली ठेवली होती, आणि काढायची नाही असं ठरवून रोज काढत होते. एका दुपारी हे जेवून उठले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"अहो, हे जरा वाचून दाखवा. साडेआठची ओळ."

ह्यांनी चष्मा लावला. "'पाणी प्यायली. ठीक.' का गं?"

मला तिथे दिसत होतं: पाणी संपलं. भांडं उलटं करून बघितलं.

"पुन्हा एकदा वाचा."

"'पाणी प्यायली. ठीक.' अगं, गावभर तुझ्या अक्षराचं कौतुक, आणि आता तुझं तुलाच लागेना का?" असं म्हणून हे हसले, आणि मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. चष्मा काढून खिशात ठेवला. दाराशी पाण्याचा पेला का ठेवलेला असतो, हे त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही. भरलेला पेला ओलांडून ते हात धुवायला गेले.

५

कोर्टाची पहिली तारीख नुसतीच पडली. न्यायाधीश रजेवर होते. बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर मी बसले होते, साध्या कपड्यांत. शेजारी एक बाई येऊन बसल्या. साठीच्या असतील. अंगाने बारीक, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचंही कुणी आत आहे का हो?"

मी मान हलवली, अशी की हो पण समजावं आणि नाही पण.

"माझी मुलगी होती," त्या म्हणाल्या. "गेली. तिच्यासाठी येते."

मला तेव्हा कळलं. उठून जावंसं वाटलं. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. मुलगी लहानपणापासून आजारी, सुई टोचून घेताना कधी रडली नाही, उलट आईचाच हात धरायची. कुणी म्हणे शिक्षा होईल, कुणी म्हणे काही होणार नाही, फाईल बंद होईल. "होऊ दे काय व्हायचं ते," त्या म्हणाल्या. "मला एवढंच कळायला हवंय, जाताना ती काही बोलली का. डॉक्टरांच्या कागदात ते लिहीत नाहीत. मी विचारलं त्यांना. कुणीतरी तिथे असेलच ना हो? दर अर्ध्या तासाला बघतात म्हणे."

"मावशी, पाणी हवंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "तू बस."

६

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी जमादारबाई घरी आल्या. दुपारी, हे घरात नसताना. सोफ्याच्या कडेवर बसल्या, चहाला नको म्हणाल्या. त्यांनी चहाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "गुन्हा दाखल करायचा की नाही, हे उद्या तुझ्या जबानीवर ठरणार आहे. वकिलांशी बोलणं झालंय. तू म्हणायचंस, तक्त्यात लिहिलंय तसं मी बघितलं. अडीचपर्यंत बाई ठीक होती, मग एकदम काहीतरी झालं. बास. मी सुटते, तू सुटतेस, मॅडम सुटतात."

"आणि डॉक्टरांचा रिपोर्ट?"

"त्यात काय आहे ते तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही सांगा."

"साडेदहा ते अकराच्या मध्ये गेली म्हणतात. म्हणू देत. आपला तक्ता आहे ना. डॉक्टरचा अंदाज असतो, आपल्या सह्या आहेत."

साडेदहा ते अकरा. मी हे कुणाकडून ऐकलं नव्हतं. मला ते दहा दिवस आधी माझ्या स्वयंपाकघरात कळलं होतं. मी स्वतःला समजावलं, की तुरुंगातच कुणीतरी कुजबुजलं असेल, कानावरून गेलं असेल, मनाने धरून ठेवलं असेल. तसं असूही शकतं. बावीस वर्षं कुजबुजीतच गेली आमची.

"आणि खरं सांगितलं तर?" मी विचारलं.

जमादारबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. वाईट बाई नाहीत त्या. माझ्या बाळंतपणात दीड महिना माझी ड्युटी त्यांनी ओढली होती. "अगं, खरं सांगितलंस तर तू आत जाशील," त्या म्हणाल्या. "आपल्याच तुरुंगात. आपल्याच पोरींच्या पहाऱ्यात. आणि ती काही परत येणार नाही. सोळा फेऱ्यांपैकी एक केलीस, हे सांगून कुणाचं भलं होणार आहे? तिच्या आईचं? तिला काय मिळणार त्यात, तूच सांग."

खरंच होतं त्यांचं. मी गेलेच नव्हते, तर मला काय माहीत असणार? विसरले, एवढंच सांगता आलं असतं. ते ऐकून ती बाई काय घरी नेणार?

त्या गेल्यावर मी डबा उचलून झेरॉक्स काढली. साडेदहाची ओळ अजून माझीच होती. पडून आहे, ठीक. मी ती बराच वेळ बघत बसले. बघता बघता काही झालं नाही. दारावरची बेल वाजली म्हणून उठले, दूधवाला होता, दूध घेऊन परत आले, आणि ओळ माझी राहिली नव्हती.

मी कागद घडी करून डब्याखाली ठेवला आणि ओट्याला धरून रडले. बावीस वर्षांत एवढी कधी रडले नव्हते.

७

कोर्टाची खोली आमच्या भांडारगृहाएवढी. वर एक उंच खिडकी, टाइप करणारी बाई, मागे तीन बाकं. मावशी पहिल्या बाकावर होत्या. मला पिंजऱ्यात उभं राहिलेलं बघून त्यांचं तोंड जरासं उघडं राहिलं. मग त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही बघत होत्या. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

न्यायाधीशांनी आधीच सांगितलं, की ज्या उत्तराने तुम्ही स्वतः अडकाल असं उत्तर देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. मी हो म्हटलं. सरकारी वकिलांनी मूळ तक्ता माझ्या हातात दिला. स्वतः झेरॉक्स घेतली. "मोठ्याने वाचा. नोंदीत येऊ दे."

मूळ कागद मी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हातात घेत होते. कोपऱ्यावर माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.

मी वाचायला लागले. "सात. पडून आहे. औषध मागितलं. साडेसात. पडून आहे. आठ. दोनदा ओकली."

वकिलांचं बोट त्यांच्या कागदावरून सरकत होतं. ते थांबलं.

"साडेआठ. पाणी संपलं. भांडं उलटं करून बघितलं. नऊ. दार वाजवलं. हाताने, मग भांड्याने."

जमादारबाईंनी मान वर केली. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. न्यायाधीश पुढे झुकून म्हणाले, "बाई, जे लिहिलंय ते वाचा. इथल्या प्रतीत असं काही नाही."

"मला असंच दिसतंय, साहेब," मी म्हटलं.

मी पुढे वाचलं. "साडेनऊ. दाराशी येऊन बसली. दहा. डॉक्टरांचा आवाज ऐकला. उठायला गेली. उठता आलं नाही. साडेदहा." इथे मला थांबावं लागलं. "साडेदहा. आईला हाक मारली. 'आई, लवकर ये' म्हणाली. दोनदा."

मागे बाकावर मावशींनी पिशवी छातीशी धरली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी सांगणार नाही.

"पुढे?" वकिलांनी विचारलं.

पुढे काही नव्हतं. अकरापासून अडीचपर्यंतच्या ओळींत, जिथे मी आठ वेळा लिहिलं होतं, आठ सह्या केल्या होत्या, तिथे कागद कोरा होता. खोडलेला नव्हता. कधी कुणी हातच लावला नसावा असा. मी कागद उजेडाकडे धरला, आणि त्याच्यामागून खिडकीचे गज दिसले.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "तक्ता मी सकाळी सव्वासातला भरला. सगळ्यांचे मीच भरते. जमादारबाईंना माहीत असतं, मोठ्या मॅडमना माहीत असतं. औषधाचं डॉक्टरांना सांगायला मी विसरले."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. सरकारी वकील माझ्याजवळ आले आणि हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, "नीट ऐका. तक्ता आधीच भरला होता, तुम्ही गेलाच नाहीत, तर हे आत्ता वाचलंत ते कुठून आलं? की तुम्ही गेला होतात? हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

आता बघा. नाही म्हटलं असतं, तर मी कामचुकार, विसराळू. वर्ष-दोन वर्षं, कदाचित तेवढीही नाही. पण मग ते सगळं एका डोकं फिरलेल्या बाईची बडबड झालं असतं. आणि ती हाक खोटी झाली असती. मावशींनी ती पिशवीसकट छातीशी धरली होती, मला दिसत होतं. हो म्हटलं, तर मरणाऱ्या बाईला पाहून पाठ फिरवणारी मी. त्याची शिक्षा काय असते, ते मला कुणी सांगायला नको होतं. तसल्या बायका आम्ही सांभाळल्या आहेत.

मी गेले नव्हते. मला पक्कं माहीत होतं की मी गेले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "पाहिलं."

८

अटकेचे कागद तयार होईपर्यंत मला व्हरांड्यात बसवलं, त्याच बाकावर. शेजारी एक पोलीसबाई उभी होती. आमचे हे खाली वकिलांना गाठायला धावले होते. जमादारबाई समोरून गेल्या, थांबल्या नाहीत.

मावशी आल्या. पोलीसबाईने हात आडवा धरला. मी म्हटलं, येऊ दे. मला वाटलं मारतील. मारावं असंही वाटलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मी बसलेली, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्या वर होतं. डोळे सुजले होते.

"दोनदा म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

त्यांनी मान हलवली. ते घेतलं त्यांनी, आत कुठेतरी ठेवलं. मग जरा वेळाने विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीवालीला भाव विचारावा तसं, "मग पाणी का नाही दिलंत?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते की मावशी, मी गेलेच नव्हते हो, तुमच्यासाठी हो म्हटलं, तुम्हाला तिची हाक मिळावी म्हणून. तेच सांगायचं होतं. पण निघालं ते दुसरंच.

"मी तिला म्हटलं, आलेच. दोन मिनिटांत आलेच."

हे मी कुठे वाचलं नव्हतं. तक्त्यात ते कुठेच नव्हतं. आणि बोलता बोलता माझ्या अंगठ्याखाली झडपेची गार कडा आली. खाली, अगदी जवळ, एक डोळा आणि अर्धे ओठ, माझ्याकडे वर बघणारे. गल्लीच्या तोंडाशी ते मूल रडत होतं, कुणीतरी मला हाक मारत होतं, आणि झडप आपण होऊन बंद होत नाही, ती हाताने सरकवावी लागते. बाकी काही आठवत नाही. हे मी त्या दिवशी पाहिलं की त्या बाकावर बसून पाहिलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी गेले नव्हते, असं मी अजून म्हणते. माझंच मला ऐकू येतं.

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ढकलायला की आधाराला, कुणास ठाऊक.

"मग ती थांबली असेल," त्या म्हणाल्या. "तिला कुणी आलेच म्हटलं की ती थांबायची."